हळद, सोडा आणि गुरुजींची कॅप्सूल

बारा नोव्हेंबर. सकाळचे साडेदहा. मी एक्सपायरी काढत होते.

आमच्या धंद्यात हे दर महिन्याचं काम. शेल्फवरचा प्रत्येक बॉक्स हातात घ्यायचा, तारीख वाचायची, तीन महिन्यांच्या आत संपणारा माल वेगळा काढायचा आणि रत्नागिरीच्या डिस्ट्रिब्यूटरकडे परत पाठवायचा. काम कंटाळवाणं आहे, पण मी ते दुसऱ्या कुणाकडे देत नाही. पालीच्या बाजारपेठेत माझं मेडिकल आहे त्याला बावीस वर्षं झाली.

व्हिटॅमिनचं शेल्फ संपवून स्टुलावरून खाली उतरले, तेवढ्यात काउंटरवर एक पिशवी उपडी झाली. कॅप्सूलच्या चार पूर्ण स्ट्रिप आणि एक अर्धी. समोर जाधवकाकी उभ्या.

“ह्या परत घ्या,” त्या म्हणाल्या. “बोगस हायत.”

दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. तिघांनीही माना वळवल्या. मेडिकलच्या काउंटरवर हा शब्द मोठ्याने उच्चारला गेला की संध्याकाळपर्यंत हातखंब्याच्या टपऱ्यांवर पोचतो.

“काकी, आत या. बसा.”

“बसूक टायम नाय. ह्यांना घरात एकट्याला ठेवून आलंय.”

‘हे’ म्हणजे जाधव गुरुजी. पालीपासून दोन किलोमीटरवर बौद्धवाडीच्या वरच्या अंगाला त्यांचं घर. सातवीपर्यंतच्या शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेले. त्यांना स्वादुपिंडाचा जुना आजार होता. स्वादुपिंड ही पोटातली एक ग्रंथी. अन्न पचवणारे एन्झाइम, म्हणजे पाचक रस, मुख्यतः तिथे तयार होतात. एक पिष्ट पचवतं, एक प्रथिनं, आणि लायपेज नावाचं एक चरबी पचवतं. गुरुजींची ग्रंथी सुजून सुजून निकामी झाली होती. खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. परसाकडला तेलकट होत होतं. ऑगस्टच्या शेवटी कोल्हापूरच्या डॉक्टरांनी बाहेरून एन्झाइम द्यायला सुरुवात केली, त्याच या कॅप्सूल. तेव्हा वजन होतं बावन्न किलो.

“आता किती?” मी विचारलं.

“शेचाळीस. कोल्हापूरचे डॉक्टर बोलले, पुढच्या खेपेला अजून उतरलं तर भरती करणार. नाकातून नळी घालून खायला घालणार. पंधरा दिवसांनी जायचं हाय.” काकींनी स्ट्रिप माझ्याकडे ढकलल्या. “अडीच महिने ह्या खाऊन माणूस वाळतोच हाय. विलासनं आमच्या डोळ्यांदेखत दाखवलं. ह्यात औषदच नाय.”

मी स्ट्रिप उलटी केली. बॅच नंबर माझ्या बिलाशी जुळत होता. तारीख पुढच्या वर्षाची. मी डिस्ट्रिब्यूटरला तिथल्या तिथे फोन लावला. माल थेट कंपनीच्या डेपोतून आलेला होता. त्याच बॅचच्या कॅप्सूल माझ्याकडून आणखी पाच पेशंटना गेल्या होत्या.

“काकी, पाच जण हेच घेतायत. एकाचीही तक्रार नाही.”

“त्यांचं मला काय सांगताव? आमचं बगा.”

हे त्यांचं बरोबर होतं. तेव्हा मला ते पटलं नाही, एवढंच.

“विलासनं काय दाखवलं?”

विलास म्हणजे गुरुजींच्या बहिणीचा मुलगा. पंधरा वर्षं मुंबईला कुरिअर कंपनीत होता. आता चाळिशीत परत येऊन हातखंब्याला हायवेवर चहा-वड्याची गाडी चालवतो. गाडीवर एका कोपऱ्यात मुंबईच्या कुणाकडून आणलेले एन्झाइम पावडरीचे डबे मांडलेले असतात. त्यानं मामाच्या घरी दोन वाट्यांत कोमट पेज घेतली होती. एकीत त्याची पावडर घातली, दुसरीत माझी कॅप्सूल उघडून आतले दाणे. दहा मिनिटांत पावडरीची पेज पाण्यासारखी झाली. कॅप्सूलची होती तशीच राहिली.

“उद्यापासून ह्या बंद आणि विलासचा डबा चालू,” काकी म्हणाल्या. “ह्यांनीपण हो म्हटलंय.”

आता माझ्या लक्षात आलं, प्रश्न पाच स्ट्रिपचा नाही. स्वादुपिंड निकामी झालेल्या माणसाचं औषध उद्या बंद होणार होतं.

“बंद करू नका. दीड वाजता दुकान बंद करून मी घरी येते. विलासला बोलवून ठेवा. डबा घेऊन ये म्हणावं.”

“तुमी कशाला येताव?”

“बोगस म्हणालात ना? मग मला बघू दे.”

मी निर्धास्त होते. विलासच्या प्रयोगातली गोम मला ऐकतानाच कळली होती.

दीडला शटर खाली ओढलं, स्कूटरवर गेले. गुरुजी ओटीवर खाटेवर बसले होते. सदरा खांद्यावरून घसरत होता. डोळे मात्र लख्ख.

“ये बाय, बस,” ते म्हणाले. “खटला तुझ्यावर हाय. वकील आधीच येऊन बसलाय.”

विलास खुर्चीवरून उठला. “मॅडम, पर्सनल काही नाही हां. पण प्रूफ ते प्रूफ.”

“दाखव परत.”

काकींनी पेज काढून ठेवली होती. दोन वाट्या भरल्या. विलासनं एका वाटीत चमचाभर पावडर घातली, दुसरीत कॅप्सूलचे दाणे. दहा मिनिटं आम्ही पावसानं पाडलेल्या पोफळीबद्दल बोललो. मग त्यानं पहिली वाटी तिरकी केली. पातळ पाणी. दुसरी घट्टच.

“झालं?” मी म्हटलं. “आता मी. काकी, लाटणं द्या.”

नवीन कॅप्सूल उघडली, दाणे कागदावर घेतले, वरून लाटणं फिरवून पूड केली आणि तिसऱ्या वाटीत टाकली. काही मिनिटांत तीही पेज पातळ झाली.

मग समजावून सांगितलं. या प्रत्येक दाण्यावर एक कवच असतं. पोटातल्या आम्लात एन्झाइम मरतं, म्हणून ते कवच. दाणा पोटातून सुखरूप जातो आणि पुढे आतड्यात आम्ल कमी झालं की उघडतो. पेजेत आम्ल नसलं तरी कवच विरघळायला वेळ लागतो, म्हणून विलासच्या वाटीत दहा मिनिटांत तो उघडला नाही.

“म्हणजे मॅच ड्रॉ,” विलास म्हणाला. “दोन्ही चालतात. मग मामानं माझं का घेऊ नये? माझ्या डब्यावर हिरवा ठिपका आहे. शाकाहारी. तुमच्यात डुकराचं आहे, ते सांगितलंत का मामीला?”

“पहिल्याच दिवशी सांगितलंय. डुकराच्या स्वादुपिंडापासूनच करतात हे.”

“सांगितलंन होतं,” गुरुजी म्हणाले. “मी म्हटलं, माझ्यापेक्षा डुकराचं बरं चाललंय तर त्याचं घेऊ.”

काकींनी कपाळाला हात लावला.

“विलास, डबा दे इकडे,” मी म्हटलं.

गिऱ्हाईक असा डबा घेऊन आलं की मी जे वाचते ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. अन्नखात्याचा परवाना नंबर: चौदा आकडी असावा लागतो, होता. बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता: होता. बॅच, तारीख: होती. इथवर डब्यात खोट नव्हती. मी तसं सांगितल्यावर विलास ताठ बसला.

“आता हे वाच. तूच वाच.”

“एन्झाइम ब्लेंड, पाचशे मिलिग्रॅम.”

“त्यात कुठलं एन्झाइम किती?”

“ब्लेंड आहे ना मॅडम. मिक्स.”

“परवा भात कापायला माणसं लावलीस, तेव्हा त्यांचं वजन केलंस? की दिवसात किती कापतील ते विचारलंस?”

विलास हसला. “वजन कोण करतं?”

“एन्झाइमचं तसंच. ते वजनावर नाही, कामावर मोजतात. युनिटमध्ये. ही स्ट्रिप बघ. लायपेज पंचवीस हजार युनिट, बाकीच्या दोघांचे युनिट वेगळे लिहिलेत. तुझ्या डब्यावर युनिटचा पत्ता नाही. आणि खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय?”

त्यानं डबा डोळ्यांजवळ नेला. “औषधी वापरासाठी नाही.”

“हे त्यांनीच लिहिलंय. मी नाही.”

“ते सगळेच लिहितात मॅडम. कायद्यासाठी.”

“बरोबर. कायदा त्यासाठीच आहे. धडधाकट माणसानं जड जेवणावर घ्यायची ही पावडर. मामा धडधाकट आहे का?”

विलासनं डबा खाली ठेवला. काकींना मात्र ते पुरेसं नव्हतं. “पण पेज पाणी झालीच ना?” त्या म्हणाल्या. लेबल वाचून त्यांचं समाधान होणार नव्हतं. त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं.

“पेज पचवणं हा गुरुजींचा मोठा प्रश्नच नाही, काकी. चरबी पचत नाही. खोबरं, मासे, दूध. वजन तिथे जातंय. या पावडरीत लायपेज आहे की नाही हे आपल्याला माहीत नाही.”

“मग बघू या,” गुरुजी म्हणाले.

“कसं? इथे लॅब कुठे आहे?”

“मी एकतीस वर्षं लॅबशिवाय विज्ञान शिकवलंय.” ते खाटेवरून पाय खाली सोडून बसले. “गो, दूध आण. साय न काढलेलं. हळद आण. आणि धुण्याचा सोडा.”

काकी जाग्यावरच उभ्या. “आता जेवणात सोडा घालताव?”

“आण तर!”

प्रयोग सोपा होता, आणि मला तो सुचला नव्हता. हळद आम्लात पिवळी राहते, सोड्यात लाल होते. दुधात हळद आणि चिमूटभर सोडा घातला की दूध विटकरी दिसतं. दुधातली चरबी फुटली की त्यातून आम्ल सुटतं. पुरेसं सुटलं की सोडा मारला जातो आणि दूध पुन्हा पिवळं होतं. म्हणजे वाटी पिवळी झाली तर चरबी पचली.

तीन वाट्या मांडल्या. तिन्ही विटकरी. एकीत विलासची पावडर घालायची, एकीत कुटलेली कॅप्सूल.

“तिसऱ्या वाटीत काय?” विलासनं विचारलं.

“काय नाय. ती तशीच ठेवायची. नायतर आपोआप रंग बदलला तर तुला कळणार कसा?”

विलासनं पावडर घातली, ढवळली. वाटी लगेच पिवळी झाली. अगदी चमचा बाहेर काढेपर्यंत.

“बघा!” विलासनं टाळी वाजवली. “मॅडम, एक सेकंद लागला! तुमची अजून तश्शीच आहे.”

माझी खरंच तशीच होती. काकींनी माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला आवडलं नाही. बावीस वर्षं मी काउंटरच्या आत होते, त्या बाहेर. आज दोघी एकाच जमिनीवर बसलो होतो आणि समोर दुधाच्या वाट्या होत्या. मी घड्याळाकडे बघितलं. दोन मिनिटं. तीन मिनिटं.

गुरुजी मात्र विलासच्या वाटीकडे बघत होते. “लगेच झाली,” ते स्वतःशीच म्हणाले. “लगेच कशी होईल? एन्झाइमला वेळ लागतो. पेजेला दहा मिनिटं लागली होती. बाय, त्या डब्यात अजून काय काय हाय ते वाच.”

मी वाचलं. साखर, एन्झाइम ब्लेंड, सायट्रिक ॲसिड, लिंबाचा स्वाद.

“लिंबूसत्त्व,” मी म्हटलं. “विलास, तू दुधात लिंबू पिळलंस.”

“असं कसं म्हणता? दोन्ही असेल. लिंबूपण आणि लायपेजपण.”

“शंका बरोबर हाय,” गुरुजी म्हणाले. शिष्यानं चांगला प्रश्न विचारल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. “मग असं करू. पावडर पाण्यात घालून उकळायची. एन्झाइम उकळलं की मरतं. आम्ल मरत नाय. उकळलेली पावडर घालूनपण वाटी लगेच पिवळी झाली, तर ते काम आम्लाचं. आणि न्याय सारखा पायजे. कॅप्सूलपण उकळ.”

काकींनी चुलीवर दोन लहान भांड्यांत थोडं थोडं पाणी ठेवलं. एकात पावडर, एकात कुटलेले दाणे. दोन्ही खळखळून उकळली. तोवर माझ्या पहिल्या वाटीचा रंग उतरायला लागला होता. विटकरीचा नारिंगी, नारिंगीचा पिवळा. बारा मिनिटं लागली. काही न घातलेली वाटी शेजारी विटकरीच होती.

“ही पचली,” गुरुजी म्हणाले. “कॅप्सूल बोगस नाय.”

 मी मांडी मोडून जरा आरामात बसले.

उकळलेली भांडी निवल्यावर आणखी दोन वाट्या तयार केल्या. उकळलेली पावडर घातली. लगेच पिवळी. म्हणजे लिंबूच. लायपेज डब्यात असेलच तर एवढ्या लिंबात दिसण्याजोगं नव्हतं. विलासनं होकारार्थी मान हलवली.

मग उकळलेली कॅप्सूल. पाच मिनिटं. दहा. पंधरा. वीस. वाटी विटकरी ती विटकरीच.

“बघितलंस?” गुरुजी विलासला म्हणाले. “औषद तेच. उकळलं, मेलं. आता कितीही वेळ ठेव.”

विलासनं त्याचा डबा पिशवीत घातला. मी उठायच्या तयारीत होते. जिंकले होते. काकी मात्र चुलीपाशी उभ्याच होत्या. रिकामं भांडं त्यांच्या हातात होतं.

“मंग पेज?” त्या म्हणाल्या.

“पेजेचं काय?”

“मी पेजेत घालते ना ही. तुमीच बोललाव. ह्यांच्या गळ्याखाली कॅप्सूल उतरत नव्हती, तेव्हा सुरवातीलाच मी इचारायला आलते. तुमी बोललाव, उघडून मऊ खाण्यात घाला. मी पेजेत घालते. दोन्ही टायम.”

“कशा पेजेत? गार?”

“गार पेज हे तोंडात घेत नाईत. चुलीवरून उतरते, वाफ येत असताना घालते, झाकण ठेवते. विरघळूक नको का? मंग वाढते.”

 उकळलेल्या कॅप्सूलची पाचवी वाटी सगळ्यांच्या मध्ये होती, अजून विटकरीच.

आमच्याकडे पेज म्हणजे आजाऱ्याचं, लेकराचं, म्हाताऱ्याचं आणि धडधाकटाचंही अन्न. मऊ खाणं म्हटल्यावर बौद्धवाडीत काय, पालीत काय, कुणीही बाई पेजच समजणार. आणि पेज म्हणजे वाफाळती. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी स्वतः तीच पेज पिऊन मोठी झालेय. औषधाच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, मऊ, आंबट आणि गार पदार्थात दाणे घाला, चावू नका, लगेच गिळा. ते मी वाचलेलं होतं. काउंटरवर मात्र मी फक्त ‘मऊ’ म्हणाले. बहुतेक गर्दी असेल. नसेलही. आठवत नाही.

अडीच महिने गुरुजींनी महागाचं, अस्सल, बॅच जुळणारं औषध घेतलं होतं, आणि त्यातलं एकही युनिट त्यांच्या आतड्यापर्यंत जिवंत पोचलेलं नव्हतं.

“माझ्या हातानं मारलं मी,” काकी म्हणाल्या.

“तुम्ही नाही. मी अर्धं सांगितलं. चूक माझी आहे.”

“डॉक्टरनंपण नाय सांगितलं,” गुरुजी म्हणाले. “आणि मी विज्ञानाचा मास्तर. रोज वाडगा तोंडाला लावताना मला नाय सुचलं. चौघांत वाटून घेऊ.” मग बायकोकडे बघून म्हणाले, “गो, ते भांडं खाली ठेव. किती येळ धरून उभी रवणार?”

मी तिथूनच कोल्हापूरला फोन लावला. डॉक्टर पेशंट तपासत होते, तरी घेतला. मी दोन वाक्यांत सांगितलं.

“गरम पेजेत?” डॉक्टर म्हणाले. “मग डोस वाढवून काय उपयोग झाला असता? मी पुढच्या वेळी वाढवणारच होतो.”

“दह्यात दिले तर चालतील ना दाणे? गार दही, एक चमचा.”

“उत्तम. चावायचे नाहीत. वर पाणी. एक कॅप्सूल जेवण सुरू करताना, एक मध्ये. पंधरा दिवसांत फरक दिसला पाहिजे. नाही दिसला तर मात्र भरती.”

“तुम्ही त्यांना हे प्रिस्क्रिप्शनवर लिहून दिलं नव्हतं, डॉक्टर.”

“नव्हतं. यापुढे लिहीन.”

काकींनी त्याच वेळी दह्याचं भांडं आणलं. जेवण व्हायचंच होतं. चमचाभर दह्यात दाणे घातले, गुरुजींनी गिळले, वर पाणी प्यायले. मग वाफाळती पेज, बांगड्याचा तुकडा आणि चमचाभर खोबऱ्याची चटणी. पेज गरम खायला काहीच हरकत नव्हती. फक्त औषध तिच्यात नको होतं.

विलास मला स्कूटरपर्यंत सोडायला आला.

“मॅडम, मग मी डबे विकू नको?”

“वीक की. तुला स्वतःला बरं वाटतं ना?”

“गॅस कमी झालाय.”

“तर मग वीक. पण कंपनीला विचार, युनिट किती ते. सांगत नसतील तर माल बदल. आणि जो कुठल्या डॉक्टरचं औषध घेतोय, ज्याचं वजन उतरतंय, जी बाई पोटुशी आहे, त्यांना डबा द्यायचा नाही. माझ्याकडे पाठव.”

“म्हणजे गिऱ्हाईक तुमचं?”

“नाही. मी त्यांना डॉक्टरकडे पाठवणार. मलाही काही मिळत नाही.”

“दोघांचाही धंदा बसवणार तुम्ही,” विलास म्हणाला, पण नंबर सेव्ह करून घेतला. आता तो मला दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या डब्याच्या लेबलचा फोटो पाठवतो. खाली एकच प्रश्न असतो. मॅडम, युनिट दिसतात का बघा.

गुरुजींचं पुढे असं झालं. पंधरा दिवसांनी कोल्हापूरला गेले तेव्हा वजन सत्तेचाळीस भरलं. एकच किलो, पण काटा तीन महिन्यांत पहिल्यांदा वर सरकला होता. भरती टळली, नळी टळली. फेब्रुवारीत ते स्वतः चालत दुकानात आले. दोन किलोमीटर. पन्नास किलोचे होऊन. येताना त्यांनी माझ्यासाठी वहीच्या कागदावर पाच वाट्यांची आकृती काढून आणली होती. खाली प्रयोगाचं साहित्य, कृती, निरीक्षण आणि अनुमान. अनुमान एका ओळीचं होतं: औषध देणाऱ्याने तापमान सांगावे. काउंटरच्या आतल्या बाजूला, मला दिसेल आणि गिऱ्हाइकाला दिसणार नाही अशा ठिकाणी मी तो कागद चिकटवला आहे.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी घरी परतताना माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. सकाळी मी काकींना छातीठोकपणे सांगितलं होतं, पाच जण हेच घेतात, एकाचीही तक्रार नाही. तक्रार नाही म्हणजे औषध लागू पडतंय, असं मी धरून चालले होते. काकींनी तक्रार केली ती विलासनं खोटा प्रयोग करून दाखवला म्हणून. तो नसता तर त्याही गप्पच राहिल्या असत्या, आणि मीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साडेआठलाच दुकानात गेले. शटर अर्धंच वर केलं. एक्सपायरी काढायची राहिली होती, ती तशीच ठेवली. त्या पाच जणांचे नंबर काढले आणि एकेकाला फोन लावला. प्रत्येकाला एकच प्रश्न: कॅप्सूल कशी घेता, मला करून दाखवताय असं समजून सांगा.

पहिल्या दोघांचं बरोबर होतं. अख्खी गिळत होते, जेवताना. तिसऱ्या बाई जेवण झाल्यावर तासाभराने घेत होत्या, कारण जेवताना औषध घेणं त्यांना बरं वाटत नव्हतं. चौथ्यांचा मुलगा म्हणाला, बाबा दाणे चावून खातात, कुरकुरीत लागतात म्हणून. दोघांनाही नीट सांगितलं, परत म्हणवून घेतलं.

पाचवे पालीतलेच एक रिटायर्ड पोस्टमन.

“कॅप्सूल ना? रोज घेतो, मॅडम. एकदाही चुकवली नाय,” ते म्हणाले. “आता बगा, चहा झालाच हाय, त्यातच उघडतोय.”

“थांबा,” मी म्हटलं. “कप खाली ठेवा. घरात दही आहे?”